‘आई, यात काय आहे?’

*पत्र थोडक्यात: नाशिकहून एक ताई लिहितात. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. सहा महिन्यांपूर्वी तिला सीलिअ‍ॅक (गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्यांना इजा होणारा आजार) असल्याचे निदान झाले आणि त्या दिवसापासून गहू बंद केला. पोटदुखी थांबली, वजन वाढू लागले, पण ताटातल्या भाज्या मात्र गेल्या. आता वरणभात, बटाटा आणि बाहेरची ग्लूटेनफ्री बिस्किटे एवढ्यावरच चालले आहे. चॉकलेट मफिनमध्ये भाज्या लपवायची युक्ती ताईंनी एका व्हिडिओत पाहिली आणि तीनदा करून बघितली. पहिल्यांदा किसलेला दुधी, तांदळाची पिठी आणि दुधात घालायची चॉकलेट पावडर घेतली. मफिन मधोमध खचले, खाली ओला थर राहिला. दुसऱ्यांदा पालक आणि बेसन; उग्र वास, कडवट चव. तिसऱ्यांदा बिटाचा कीस, मोड आलेल्या नागलीचे (नाचणीचे) पीठ आणि गूळ, आणि ‘पौष्टिक’ म्हणून तेल अजिबात नाही. वरून लाकूड, आतून चिकट. लेकीने त्यातला एक फोडला, लालसर कीस नखाने बाहेर काढला आणि विचारले, “आई, यात काय आहे?” ताई म्हणाल्या, “काही नाही, चॉकलेटच आहे.” तेव्हापासून ती घरातला प्रत्येक पदार्थ उलटापालटा करून बघते. सासूबाई म्हणतात, लेकराला फसवून खाऊ घालू नये. मुलीचे बाबा म्हणतात, पोटात गेले म्हणजे झाले. ताईंचे प्रश्न तीन: मफिन कुठे चुकतात, भाजी लपवावी की सांगावी, आणि महिन्याभराने वाढदिवस आहे, याच पिठाचा केक होईल का?*

प्रिय ताई,

तुमच्या लेकीने नखाने कीस काढला आणि प्रश्न विचारला, ते अगदी बरोबर केले. सीलिअ‍ॅक असलेल्या मुलाला हा प्रश्न जन्मभर विचारायचा असतो. मैत्रिणीने डबा पुढे केला की विचारायचे, लग्नाच्या पंगतीत विचारायचे, रविवारी मिसळ खायला गेले की फरसाणात मैदा आहे का, हिंग कसला आहे, हेही विचारायचे. नऊ वर्षांच्या मुलीला चारचौघांत असे विचारायला धीर लागतो. तो येतो घरातून, जिथे विचारल्यावर खरे उत्तर मिळते तिथून. आईच “काही नाही” म्हणाली, तर उद्या वर्गातल्या वाढदिवसाच्या केकबद्दल कुणी “काही नाही त्यात, खा” म्हटल्यावर तिने काय करायचे?

म्हणून तुमच्या घरापुरते सासूबाईंचे म्हणणे खरे धरा. ज्या घरात अन्नाचे पथ्य नाही, तिथे आमटीत भोपळा घोटला आणि सांगितले नाही, तर फारसे बिघडत नाही. तुमच्या घरात बिघडते. भाजी मफिनमध्ये जरूर घाला, पण सांगून घाला. आधी झाले त्याबद्दल एकदा सरळ बोलून टाका: “त्या दिवशी त्यात बीट होते, मी सांगितले नाही, चुकले माझे. आता काय घातले ते नेहमी सांगेन.” लांबण लावायची गरज नाही.

आता बाबांचे म्हणणे, पोटात गेले म्हणजे झाले. किती जाते, ते मोजून बघू. बारा मफिनच्या पिठात भाजीचा गर जास्तीत जास्त १५० ग्रॅम पेलतो. त्याहून जास्त घातला की मफिन आतून भाजतच नाहीत. म्हणजे एका मफिनमध्ये साडेबारा ग्रॅम, मोठा चमचाभर. एक लहान वाटी भाजी साधारण शंभर ग्रॅमची धरली, तर तेवढी भाजी पोटात जायला आठ मफिन खावे लागतील, आणि त्या आठांबरोबर सत्तर ग्रॅमच्या वर गूळ जाईल. मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असे सांगतात, आणि गूळ, मध, काकवी हे सगळे त्यातच मोजायचे. गुळाने मफिनला चव छान येते, रंग येतो, ओलावा राहतो. पण गूळ आहे म्हणून तो गोड पदार्थ नाही, असे होत नाही. भाजीची भरपाई मफिनने होणार नाही.

मग मफिनमध्ये भाजी घालायचीच कशाला? मफिनसाठी. गव्हाच्या पिठात ग्लूटेनची जाळी असते, ती हवा धरते आणि तुकडा एकसंध ठेवते. नागली, तांदूळ, ज्वारी यांत ती जाळी नाही, म्हणून बिनगव्हाचा मफिन कोरडा पडतो, हातात भुगा होतो. शिजवून घोटलेला डांगर, म्हणजे लाल भोपळा, पाणी धरून ठेवतो आणि ते हळूहळू सोडतो. त्यामुळे मफिन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो आणि तेल-गूळ थोडे कमी चालतात. भाजीचे तिथे हे खरे काम आहे, आणि लेकीला सांगायलाही ते सोपे: “डांगर घातला की मफिन मऊ होतो.”

ताटातल्या भाजीचा प्रश्न वेगळा आहे. तुमचे पत्र पुन्हा वाचून बघा. ती भाजी कधी खात होती? पोळीबरोबर. पोळी गेली आणि तिच्यासोबत भाजीही गेली. भाताबरोबर आपल्याकडे वरण, आमटी, कढी. मेथीची किंवा गिलक्याची भाजी भातावर घेऊन खायची सवय फार थोड्या मुलांना असते. तेव्हा लेक भाज्यांवर रुसलेली नसावी, भाजी उचलायला तिच्या हातात काही उरलेले नाही. नागलीची किंवा ज्वारीची भाकरी सुरू करा, पण उकड काढून. एक वाटी पाण्याला चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळायचे, त्यात एक वाटी पीठ घालून ढवळायचे, दहा मिनिटे झाकून ठेवायचे आणि कोमट असताना हाताला तेल लावून चांगले मळायचे. पुरीएवढा गोळा घेऊन पातळ लाटायचे. अशी छोटी भाकरी गुंडाळता येते, डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. पीठ ताजे हवे. विरी गेलेल्या पिठाची भाकरी कडेने फाटते आणि मुलांना पहिल्याच दिवशी नकोशी होते. मुले नवी चव लगेच घेत नाहीत. कधी कधी तोच पदार्थ दहा-पंधरा वेळा ताटात यावा लागतो, आणि तोही “एक घास तरी खा” असे न म्हणता.

मफिनकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट. पहिल्या खेपेला तुम्ही दुधात घालायची चॉकलेट पावडर वापरली. तिचा डबा आत्ता काढा आणि बारीक अक्षरातली यादी वाचा. त्यात ‘माल्ट’, ‘माल्टेड’ किंवा ‘बार्ली’ असेल तर ते जव आहे, आणि जवात ग्लूटेन असते. तसे निघाले तर घाबरून जाऊ नका, पण डबा बाजूला करा आणि डॉक्टरांना सांगा. निदानानंतर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी करतात. ती व्हायची असेल तर याच निमित्ताने करून घ्या. मफिनला साधी, बिनगोड कोको पावडर लागते, जिच्या यादीत कोकोच असतो. फार तर ‘आम्लता नियंत्रक’ म्हणून ५०० किंवा ५०१ असा आकडा असतो, त्याचे भय नाही. त्या कोकोचा रंग अधिक गडद आणि चव सौम्य असते, इतकेच.

नावांच्या घोळातही सावध राहा. जव आणि जवस एक नाहीत. जव म्हणजे बार्ली, ती नको. जवस म्हणजे अळशी, ती चालते. सातूचे पीठ बहुधा गहू किंवा जव घालूनच केलेले असते. थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी गहू पडतो. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा असतो. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, तो बघून घ्या.

आणि गिरणी. तुम्ही लिहिले आहे की नागली स्वच्छ निवडून कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणता. गिरणीत तुमच्या आधी गव्हाचे दळण झालेले असते. जात्यात आणि पिठाच्या पिशवीत ते अडकलेले असते, तुमच्या नागलीबरोबर ते डब्यात येते. आधी थोडे तांदूळ टाकून गिरणी साफ करून घेणे हा नेहमीचा उपाय सीलिअ‍ॅकसाठी पुरत नाही. आपल्याकडे एखाद्या पदार्थाला ‘ग्लूटेनफ्री’ म्हणायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा खाद्य सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. चिमूटभर गव्हाच्या पिठाने ती हद्द ओलांडते. दोन मार्ग आहेत: घरघंटी घ्यायची आणि तिच्यात गहू कधीच टाकायचा नाही, किंवा ग्लूटेनफ्री छाप असलेले बंद पाकिटातले पीठ घ्यायचे. सुरगाणा, पेठ, हरसूलकडची नागली आपल्याकडे चांगली मिळते. ती आणलीत तर ताटात पसरून गव्हाचे-जवाचे दाणे निवडा, धुऊन कडकडीत वाळवा आणि घरघंटीत बारीक दळा. मफिनपुरते शे-दीडशे ग्रॅम मिक्सरच्या छोट्या भांड्यातही होते, फक्त दोनदा चाळावे लागते.

चाळताना मात्र थांबा. घरातली मैद्याची चाळणी उजेडात धरून बघा. जाळी जिथे कडेच्या पत्र्यात शिरते, तिथे पांढरी रेघ दिसेल. वर्षानुवर्षांचे पीठ तिथे घट्ट बसलेले असते. घासून, उकळत्या पाण्यात टाकूनही ते निघत नाही. लेकीच्या पिठासाठी नवी चाळणी घ्या आणि दांड्याला रंगीत दोरा बांधा. लाकडी पोळपाट-लाटणे आणि लाकडी उलथनेही वेगळे हवे. स्टीलची पातेली नीट घासली की चालतात. मफिनचा जुना, ओरखडे पडलेला साचा असेल तर त्यात कागदी वाट्या घाला. घरात इतरांसाठी गव्हाचे पीठ मळले असेल, तर त्याच वेळी ओट्यावर मफिनचे काम काढू नका; हवेत उडालेले पीठ खाली बसायला वेळ लागतो.

तुमच्या तीन खेपांत प्रत्येक वेळी वेगळे चुकले. दुधीत पाणीच पाणी असते. कच्चा कीस न पिळता घातला, ते पाणी भाजताना सुटले, खाली ओला थर झाला, वर आलेला भाग बाहेर काढताच बसला. शिवाय नुसत्या तांदळाच्या पिठीला पकड नाही. पालक आणि बेसन दोन्ही उग्र. कोको रंग झाकतो, वास झाकत नाही. पालक धिरड्यात घाला, तिथे तो शोभतो. तिसऱ्या खेपेला दोष बिटाचा नव्हता, मोडांचा होता. धान्याला मोड आले की त्यात पिष्ट तोडणारी पाचके जागी होतात. सत्त्वाची खीर पातळ आणि पचायला हलकी होते ती त्यांच्यामुळेच. मफिनमध्ये मात्र पिष्टानेच आकार धरायचा असतो. ओव्हनमध्ये पीठ तापत असताना ही पाचके ते तोडत राहतात आणि आतला भाग चिकट राहतो, कितीही वेळ भाजला तरी. मोडाची नागली खिरीला, आंबिलीला ठेवा, मफिनला साधी घ्या. आणि तेल अजिबात काढू नका. ग्लूटेन नसलेल्या पिठात मऊपणा तेलच देते. ते काढले की वरचा थर वाळून टणक होतो. बारा मफिनमध्ये ६० ग्रॅम तेल म्हणजे एकात पाच ग्रॅम. तेवढे हवेच.

भाज्यांत पहिली पसंती डांगराला. त्याला वास नाही, गोडवा अंगचा आणि गर गुळगुळीत. सोललेल्या फोडी २५० ग्रॅम घ्या, डब्यात पाणी न घालता कुकरला दोन शिट्ट्या काढा, पुरणयंत्रातून काढा आणि कढईत मंद आचेवर आटवा. चमचा फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. पुरणासारखा चमचा उभा राहायला नको. हा गर १५० ग्रॅम भरला पाहिजे. जास्त भरला तर अजून आटवा. लाल गाजराचा बारीक कीस १२० ग्रॅम, कच्चाच चालतो. बीट घालायचे तर सालासकट अख्खे उकडून, सोलून, चमचाभर लिंबाचा रस घालून वाटा. लिंबाने त्याचा मातकट वास उतरतो. गर १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. भाजल्यावर लाल रंग बराचसा तपकिरी होतो, कोकोत मिसळून जातो. बीट खाल्ल्यावर लघवीला गुलाबी रंग येऊ शकतो, हे लेकीला आधी सांगा, नाहीतर दोघी घाबराल. दुधी वापरायचा असेल तर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेका. कडू दुधी विषारी असतो, शिजवून त्याचा कडूपणा जात नाही. गोड निघाला तर किसून, घट्ट पिळून १२० ग्रॅम घ्या.

आता प्रमाण, बारा मफिनचे. वाटीने मोजू नका. नागलीची वाटी आणि तांदळाच्या पिठीची वाटी वजनाला सारखी नसते. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा यासाठी कायमचा कामाला येईल.

नागलीचे बारीक पीठ ९० ग्रॅम, तांदळाची पिठी ५० ग्रॅम, बदामाची पूड ४० ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, इसबगोलाचे साधे भुसे एक सपाट छोटा चमचा, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, चिरून बारीक केलेला गूळ ११० ग्रॅम, सूर्यफुलाचे तेल ६० ग्रॅम, ताजे, घट्ट दही ८० ग्रॅम, दोन अंडी, डांगराचा गर १५० ग्रॅम, उकळते पाणी ५० मिली, थोडा व्हॅनिला. बेकिंग पावडरच्या डब्यावर कोणता स्टार्च घातला आहे तेही वाचा. मक्याचा असावा, गव्हाचा नको.

कोको चाळून पातेल्यात घ्या, त्यावर उकळते पाणी आणि तेल ओतून गुठळ्या मोडा. गरम पाण्याने कोकोचा स्वाद खुलतो, कोरडा मिसळला तर तो फिका लागतो. तो ऊन असतानाच गूळ घालून विरघळवा. नाशिकच्या थंडीत गूळ दगडासारखा असतो, म्हणून किसूनच घ्या. मग गर, दही, व्हॅनिला. मिश्रण कोमट झाले की फेटलेली अंडी घाला. गरम असताना घातलीत तर अंड्याच्या कवड्या होतील. यात दोन चमचे तांदळाची पिठी बाजूला ठेवून बाकी पिठे, बदाम, मीठ आणि इसबगोल घाला, ढवळा आणि वीस-पंचवीस मिनिटे झाकून ठेवा.

हा थांबा चुकवू नका. नागली पाणी सावकाश पिते. भिजली नाही तर मफिन दाताखाली कचकचतो. इसबगोलालाही फुगायला वेळ लागतो, आणि ग्लूटेनचे काम इथे बरेचसे तोच करतो. जास्त घातलात तर मात्र मफिन रबरी होतो. थांबल्यावर पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट हवे. फार घट्ट वाटले तर चमचाभर दूध, सैल वाटले तर आणखी पाच मिनिटे थांबा. ओव्हन याच वेळी १८० अंशांवर तापायला लावा. बाजूला ठेवलेल्या पिठीत बेकिंग पावडर आणि सोडा मिसळून चाळा, पातेल्यात घाला, चांगले ढवळा आणि लगेच साच्यात भरा. सोडा दह्याला भेटताच काम सुरू करतो, म्हणून तो शेवटी. मैद्याच्या मफिनला ‘फार ढवळू नका’ म्हणतात ते ग्लूटेन चिवट होऊ नये म्हणून; इथे ते भय नाही, गुठळी राहू देऊ नका.

साचे पाऊण भरा. मधल्या कप्प्यात, वरखाली दोन्ही काड्या लावून बावीस ते पंचवीस मिनिटे भाजा. पहिली पंधरा मिनिटे दार उघडू नका. तोवर आतले पीठ सेट झालेले नसते आणि गार हवेने ते बसते. टूथपिकवर विसंबू नका, डांगरामुळे ती शेवटपर्यंत किंचित ओली निघते. मधोमध बोटाने हलके दाबा. खळगा पडून परत वर आला तर झाले. खळगा तसाच राहिला तर अजून तीन मिनिटे. दहा मिनिटे साच्यात, मग जाळीवर काढा. साच्यात तसेच विसरलात तर तळाला घाम येतो. पूर्ण गार होईपर्यंत फोडू नका, गरम असताना ते आतून चिकटच लागतात.

ओव्हन नसलेल्यांसाठी आप्पेपात्र उत्तम. थेंब थेंब तेल, मंद आच, झाकण, सहा-सात मिनिटे. मग उलटून दोन मिनिटे. बारीक चॉकलेट आप्पे होतात आणि आकार लहान असल्याने आतून कच्चे राहत नाहीत. अंडी चालत नसतील तर जवसाची पूड दोन मोठे चमचे सहा चमचे पाण्यात भिजवून घ्या, इसबगोल दुप्पट करा आणि मफिन छोटे भाजा. फुगतील कमी, चवीला कमी नाहीत.

फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पिष्ट लवकर कडक होते. उन्हाळ्यात बाहेर एकच दिवस, थंडीत दोन. बाकीचे त्याच दिवशी बंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर राहतात. सकाळी इडलीपात्रात दोन-तीन मिनिटांची वाफ दिली की डब्याला तयार. डब्यात रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. बाकीचे दिवस भाकरीच्या गुंडाळीचे. आणि शाळेत बाईंना सांगून ठेवा, डब्यांची अदलाबदल तिच्यापुरती बंद.

लेकीला या कामात घ्या. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात डांगर तिलाच निवडू द्या, वजनकाट्यावरचे आकडे तिलाच वाचू द्या, पाकिटावरची यादी तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. ‘माल्ट’ हा शब्द तिने स्वतः शोधला, तर तो ती विसरणार नाही. आणि तिला नाही म्हणायची मोकळीक ठेवा. गाजराचे नको, डांगराचे हवे, असे म्हणाली तर तसेच करा.

तुमच्यासारखी पत्रे आणखीही येतात, त्यातल्या बऱ्याच घरांत निदान झालेले नसते. मुलाचे पोट दुखते, कुणी सांगितले गहू वाईट, म्हणून गहू बंद. त्या आयांना कळकळीने सांगणे आहे: तपासणीआधी गहू बंद करू नका. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी आणि लागली तर दुर्बिणीची तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी कळते. आधीच बंद केला असेल तर नेमके निदान व्हायला पुन्हा काही आठवडे गहू खायला लावावा लागतो, आणि मुलाला ते फार त्रासाचे होते. ज्यांना सीलिअ‍ॅक नाही, गव्हाची अ‍ॅलर्जी नाही, त्यांच्यासाठी ग्लूटेनफ्री म्हणजे आपोआप पौष्टिक असे मुळीच नाही. बाजारातली पुष्कळ ग्लूटेनफ्री बिस्किटे तांदळाचे किंवा मक्याचे पिष्ट, साखर आणि तूप-तेल एवढ्याचीच असतात, चोथा जवळजवळ नसतो. तुमच्या लेकीची बिस्किटे कमी करायला हेही कारण पुरे आहे. नागलीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गव्हापेक्षा कितीतरी जास्त. सीलिअ‍ॅकमध्ये आतड्यांना इजा झाल्याने कॅल्शियम आणि लोह आधीच कमी पडलेले असते, म्हणून तिच्या भाकरीत आणि मफिनमध्ये नागली पुढे ठेवली आहे. नागली मिळाली नाही तर ज्वारी घ्या. बाजरी नको, तिचे पीठ लवकर खवट होते आणि कोकोतही ते लपत नाही.

वाढदिवसाचा केक याच पिठाचा होतो. सात इंची गोल डबा घ्या, तळाला कागद घाला, ओव्हन १७० अंशांवर ठेवा आणि चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजा. चाळिसाव्या मिनिटापर्यंत दार बंद. वरून क्रीम लावायचे तर घट्ट चक्का आणि पिठीसाखर फेटून लावा, कडेने नाशिकच्या मनुका लावा. तयार रंगीत गोळ्या आणि चॉकलेटचे वेफर आणू नका, वेफरमध्ये मैदा असतो. येणाऱ्या सगळ्या मुलांना हाच केक कापा, दुसरा गव्हाचा केक त्या टेबलावर नको. एकच सुरी दोन्हींत फिरली की सगळी मेहनत वाया जाते. आणि कोमट असताना कापलात तर तुकडे पडतील, म्हणून तो आदल्या रात्रीच भाजून झाकून ठेवा.